हू विल नॉट लीव्ह

मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे त्या म्हणजे घोटीच्या शाळेतल्या माझ्या इंग्रजीच्या बाई. हे मी सत्काराच्या भाषणात म्हणतात तसं म्हणत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील भाताच्या गिरणीवर कामाला होते, आई लावणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतावर जायची. कॉलेजचा अर्ज कुठे मिळतो, कोणत्या दाखल्यावर कोणाची सही लागते, बी.ए. झाल्यावर पुढे काय करतात, हे घरात विचारायला माणूस नव्हतं. बाईंना विचारता यायचं. त्यांनीही कधी उपकार केल्यासारखं सांगितलं नाही. फळा पूस म्हणावं तसं म्हणायच्या, ‘उद्या अकराला तहसील कार्यालयात जा, खिडकी दोन नंबरची.’

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. व्याकरणाच्या पुस्तकात ‘हू’ने सुरू होणारी उपवाक्यं एका धड्यात होती आणि कॅन, मे, मस्ट, विल ही साहाय्यक क्रियापदं दुसऱ्या धड्यात. बाई दोन्ही एकाच तासाला घ्यायच्या. पहिल्याला रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात असं त्यांनी सांगितलं तेव्हा मागून एकाने विचारलं, ‘बाई, रिलेटिव्ह म्हणजे नातेवाईक ना? कोणाचा नातेवाईक?’

‘पुढे बसलेल्या नामाचा,’ बाई म्हणाल्या. ‘पाहुण्यासारखा येतो आणि घरच्यांबद्दल सगळं सांगून जातो.’

मग त्यांनी खेळ लावला. गावातल्या एका माणसाबद्दल वाक्य करायचं. नाव घ्यायचं नाही. फक्त ‘हू’ आणि त्याच्या पुढे एक साहाय्यक क्रियापद. बाकीच्यांनी ओळखायचं.

पहिला उभा राहिला तो बसस्टँडजवळ राहणारा मुलगा. ‘द मॅन हू कॅन स्टॉप द बस विदाऊट हँड.’

‘कंडक्टर,’ सगळे ओरडले.

‘नाय बाई. आमचा आजा. रस्त्याच्या मधोमध चालतो, हॉर्न ऐकू येत नाय.’

एका मुलीने हळूच म्हटलं, ‘द वुमन हू मस्ट नॉट नो.’ कोणालाच ओळखता येईना. शेवटी तिनेच सांगितलं, ‘आई. काल माझ्याकडून कप फुटलाय.’

माझी पाळी आली. मी म्हणालो, ‘द मॅन हू मस्ट बी स्लीपिंग.’

‘कोण?’

‘माझे वडील.’

‘घरी झोपलेत का आत्ता?’

‘नाही बाई, गिरणीवर आहेत. पण त्यांनी झोपायला पाहिजे. दोन दिवस पाठ टेकली नाही.’

कोणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली. हू मस्ट स्लीप, म्हणजे झोपलंच पाहिजे असा. हू मस्ट बी स्लीपिंग, म्हणजे झोपला असणार असा. ‘एकात तू वडलांसाठी काहीतरी मागतोयस,’ त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्यात लांब बसून नुसता अंदाज करतोयस. तुला काय म्हणायचंय?’ मी पहिल्याकडे बोट दाखवलं. एका शब्दाने माणसाबद्दलचं आपलं म्हणणं एवढं बदलतं, हे मला त्या दिवशी कळलं. इंग्रजी शिकवायचं मी बहुधा तेव्हाच ठरवलं असावं.

ठरवणं सोपं होतं. बारावीला मी नेमका इंग्रजीतच नापास झालो. वडील म्हणाले, ‘लय झालं शिक्षान, गिरणीवर ये.’ बाई घरी आल्या. ओट्यावर बसून त्यांनी वडलांशी पंधरा मिनिटं भाताच्या भावाबद्दल गप्पा मारल्या, आणि उठताना म्हणाल्या, ‘ऑक्टोबरची परीक्षा होईपर्यंत हा रोज सकाळी सात वाजता माझ्याकडे येईल.’ वडलांनी मान हलवली. मी चार महिने गेलो. ऑक्टोबरला पास झालो. मग नाशिकला बी.ए., एम.ए., मग बी.एड.

बी.एड. झाल्यावर बाईंनी एक पत्र दिलं. नाशिकला पंचवटीच्या पलीकडे नव्या वसाहतीत एका संस्थेची इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा होती. संस्थेचे सेक्रेटरी बाईंना एका शिबिरात भेटले होते, तेवढीच ओळख. बाईंनी पाकीट चिकटवून माझ्या हातात दिलं. ‘उघडू नकोस. आपल्याबद्दल लिहिलेलं आपण वाचलं की तसं वागायचं नाटक सुरू होतं.’

मी उघडलं नाही. सेक्रेटरींनी ते माझ्यासमोर वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, ‘सोमवारपासून या.’ हेडक्लार्कने माझ्या पदव्या, बी.एड.चं प्रमाणपत्र आणि सगळ्या मूळ गुणपत्रिका जमा करून घेतल्या. इथे तशी पद्धत आहे, म्हणाला. मी आनंदाने दिल्या. आपली कागदपत्रं कोणाला तरी हवीशी वाटतात याचंच मला अप्रूप होतं. पोहोच मागायचं सुचलंसुद्धा नाही.

शाळा वाईट नव्हती. मुलं चांगली होती. पण मला पाचवी-सहावी दिली ती तशीच राहिली, आणि संस्थेचा इंग्रजी पत्रव्यवहार हळूहळू माझ्याकडे आला. पालकांना नोटिसा, परवानग्यांचे अर्ज, पाहुण्यांचे आभार. सेक्रेटरी मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचं. तिसऱ्या वर्षी एका ज्युनिअर कॉलेजची जाहिरात निघाली. मुलाखतीला मूळ प्रमाणपत्रं दाखवायची होती, म्हणून मी सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी माझी फाइल मागवली आणि सगळ्यात वर लावलेला आखीव कागद माझ्याकडे वळवला. बाईंचं अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं.

‘शेवटची ओळ वाचा, सर.’

मी वाचली. ही इज अ बॉय हू विल नॉट लीव्ह.

‘तुमच्या बाईंनी लेखी दिलंय,’ सेक्रेटरी हसत म्हणाले. ‘या वाक्यावर घेतलं मी तुम्हाला. इथे वर्षाला चार शिक्षक सोडून जातात. म्हटलं, एक तरी न जाणारा मिळाला. आणि तुम्हीच निघालात?’

मी मुलाखतीला गेलो नाही.

ते वाक्य त्यांनी पुढे सगळ्यांना सांगितलं. कोणी पाहुणे आले की माझी ओळख त्याच वाक्याने व्हायची. शिक्षकांच्या खोलीतही ते पोहोचलं. खेळाचे सर मला बघून म्हणायचे, ‘या, हू विल नॉट लीव्ह. काय हो, तुम्हाला रजा मिळते का? लीव्ह चालत नाही म्हणे तुमच्यात.’ सगळे हसायचे, मीही हसायचो. विनोद चांगला होता. तापाने दोन दिवस घरी राहिलो तेव्हा रजेच्या अर्जावर ‘लीव्ह’ हा शब्द लिहिताना माझा हात थांबला होता, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

शिकवताना ते वाक्य सारखं मध्ये यायचं. सहावीला ‘हू’ची उपवाक्यं आहेत. मराठी घरातली मुलं सगळीकडे ‘कॅन’ घालतात, कारण आपल्या ‘शकतो’त सगळं मावतं. जो गाडी चालवू शकतो, म्हणजे ज्याला येते तो, ज्याला परवाना आहे तो, आणि आज कदाचित चालवेल तोही. इंग्रजीत पहिल्याला हू कॅन, बाकीच्या दोघांना हू मे. त्यातून आपल्याकडे ‘चालवणारा’ असा एक शब्द आहे, त्यात तर ‘विल’सुद्धा गुपचूप बसतो. मी फळ्यावर लिहायचो, मुलं वहीत उतरवायची, आणि ‘हू विल’पाशी आलो की मी लिहिलेलं पुन्हा वाचायचो. विल म्हणजे नुसतं पुढे घडेल ते. विल म्हणजे एखाद्याचा स्वभाव. विल म्हणजे दिलेला शब्द. बाईंच्या वाक्यातला विल यातला कोणता? मी इतकी वर्षं तो तिसराच धरला होता. त्यांनी माझ्या वतीने शब्द दिला होता. ज्या बाईंनी मला गिरणीतून ओढून काढलं, त्यांचा शब्द मोडून जायचं कसं? आणि नाही मोडायचं तर निवृत्त होईपर्यंत इथेच? ‘हू’च्या आधी स्वल्पविरामसुद्धा नव्हता. असता तर ती माझ्याबद्दलची जादा माहिती झाली असती. नसल्यामुळे, व्याकरणाने, तीच माझी ओळख होती.

बाईंना मी यातलं काही विचारलं नाही. दर दिवाळीला जायचो, पाया पडायचो, शाळा छान आहे म्हणायचो. ‘टिकून आहेस ना?’ त्या विचारायच्या. मी हो म्हणायचो आणि त्याचाही अर्थ तोच लावायचो.

अशी नऊ वर्षं गेली. यंदा लासलगावजवळच्या एका अनुदानित ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची जागा निघाली. बायकोने अर्ज भरायला लावला. ती म्हणाली, ‘निवड झाली तर बघू.’ निवड झाली. अकरावी-बारावी शिकवायला मिळणार होतं, नोकरी कायमची होती. महिनाअखेरपर्यंत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावू, असं पत्र आलं. हातात अठरा दिवस होते.

सेक्रेटरींनी पत्र शांतपणे वाचलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

‘अभिनंदन. पण सर, मी शब्दाला धरून चालणारा माणूस आहे. बाई हयात आहेत ना?’

‘आहेत.’

‘मग त्यांच्याकडून दोन ओळी आणा. त्यांनी शब्द दिला होता, त्यांनीच परत घ्यावा. आणलंत की त्याच दिवशी तुमची कागदपत्रं देतो.’

खेळाचे सर म्हणाले, ‘असं अडवता येत नाही हो, तक्रार करा.’ त्यांचं बरोबर होतं. पण तक्रारीचा निकाल अठरा दिवसांत लागत नाही, हे त्यांनाही माहीत होतं.

मी घोटीला गेलो. बाई आता निवृत्त आहेत, एकट्याच राहतात. मला अवेळी बघून त्यांनी आधी घरी सगळे बरे आहेत ना विचारलं, मग पोहे टाकले. मी खाताना त्या समोर बसून राहिल्या. मी नव्या नोकरीचं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या.

‘कधी जायचंय?’

‘बाई, तुम्ही त्या वेळी पत्र दिलं होतं ना मला, नाशिकच्या शाळेसाठी.’

‘हो तर. तीन वेळा लिहून काढलं होतं. दोन कागद फाडले.’

‘त्यातलं शेवटचं वाक्य तिथे सगळ्यांना पाठ आहे.’

बाई खूश झाल्या. मी विचारण्याआधी त्यांनीच म्हणून दाखवलं, सावकाश, वर्गात म्हणायच्या तसं. ‘ही इज अ बॉय हू विल नॉट लीव्ह.’ मग म्हणाल्या, ‘तेच तर लिहायचं होतं मला. बाकी मार्क-बिर्क काय, सगळ्यांचे असतात. तू बारावीला नापास झालास, दुसरा असता तर गिरणीवर गेला असता. तू सोडलं नाहीस. चार महिने सात म्हणजे सातला दारात. मी म्हटलं, या पोराचं एकच सांगण्यासारखं आहे. हा सोडणार नाही असा मुलगा आहे.’

पोह्यांची ताटली माझ्या हातात तशीच राहिली. सोडणार नाही असा मुलगा. बाईंनी मराठीत विचार केला होता आणि इंग्रजीत लिहिलं होतं. मराठीत काय सोडणार नाही ते सांगावं लागत नाही. हाती घेतलेलं सोडणार नाही, हे ऐकणाऱ्याला समजतं. इंग्रजीत लीव्हच्या पुढे काही नसलं तर तो माणूस फक्त निघून जातो, किंवा नॉट लावला तर जात नाही. बाईंना चिकाटी म्हणायची होती. त्या वाक्याने मी इतकी वर्षं एका इमारतीत राहिलो होतो. शब्द कोणी दिलाच नव्हता. त्यातला विल दुसऱ्या प्रकारचा होता, स्वभावाचा. आणि चूक विलमध्ये नव्हतीच, त्याच्या पुढच्या क्रियापदात होती.

माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. बाईंनी चष्मा काढला.

‘लीव्ह म्हणजे सोडणे. बरोबर आहे ना रे?’

त्यांनी हे गमतीने विचारलं नाही. सबंध तालुक्याला ज्यांनी इंग्रजी शिकवलं त्या बाई मला, इंग्रजीच्या शिक्षकाला, विचारत होत्या. मी हो म्हटलं. ‘बरोबर आहे बाई.’

त्यानंतर दोन ओळी मागता येणं शक्य नव्हतं. काय म्हणून मागणार? तुमचा शब्द परत घ्या म्हणावं तर त्यांनी तो दिला नव्हता. चूक दुरुस्त करून द्या म्हणावं तर आत्ताच मी चूक नाही म्हणालो होतो. बाईंनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि कॉलेजातल्या मुलांना अहो-जाहो म्हणत जा, असं सांगितलं. मी एसटीत बसलो. वाडीवऱ्हे येईपर्यंत मला आपण कुठे बसलोय तेही कळत नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मग आता सोपं झालं की. सेक्रेटरींना समजावून सांगा. तुम्हाला येतंच की ते.’

‘म्हणजे बाईंचं इंग्रजी चुकलं म्हणून सांगू?’

‘चुकलंय ना?’

‘चुकलंय.’

‘मग तुम्ही मुलांना काय सांगता, चुकलं तर?’

मी तिच्यावर चिडलो. ती भाजी निवडायला लागली. निवडता निवडता तीच म्हणाली, ‘बाईंना काय कळणार आहे इथे काय बोललात ते.’ हे तिने माझ्या भल्यासाठी म्हटलं होतं. पण मला खरी भीती नेमकी त्याचीच वाटत होती. बाईंना कळणार नाही, हेच त्यात सगळ्यात वाईट होतं.

दहा दिवस मी काहीच केलं नाही. शाळेत जात राहिलो. हेडक्लार्कच्या मागच्या कपाटात माझ्या पदव्या होत्या, त्या कपाटासमोरून दिवसातून सहा वेळा जायचो. शाळेची दारं उघडी असायची, कोणी मला बांधून ठेवलेलं नव्हतं. शेवटचे सात दिवस उरले तेव्हा मी सेक्रेटरींच्या खोलीत गेलो.

‘आणलंत?’

‘नाही. सर, त्या वाक्यात चूक आहे.’

‘कसली?’

‘इंग्रजीची.’ आणि मी त्यांना समजावून सांगितलं, सहावीला सांगतो तसं. सोडणे या एका शब्दासाठी इंग्रजीत किती वेगवेगळी क्रियापदं आहेत, ‘गिव्ह अप’ म्हणजे काय, बाईंना काय म्हणायचं होतं. ते मन लावून ऐकत होते. माझं संपल्यावर खुर्चीत मागे रेलून हसले, अगदी मनापासून.

‘म्हणजे इंग्रजीच्या बाईंनाच इंग्रजी येत नव्हतं.’

‘येत होतं. एक शब्द चुकला.’

‘आणि त्यांच्या विद्यार्थ्याला आम्ही इंग्रजीला घेतलं. चांगलंय.’ त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘लिहून द्या. फाइलला लागेल. उद्या कोणी विचारलं, शब्द असताना माणूस सोडला कसा, तर माझ्याकडे कागद पाहिजे.’

मी हेडक्लार्कच्या टेबलावर बसून लिहायला घेतलं. इतकी वर्षं या संस्थेची पत्रं लिहिली होती, पण एका वाक्याला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. बाईंचं नाव न घेता लिहायचं होतं, म्हणून ‘द टीचर’ आणि पुढे ‘हू’. पण ‘हू’च्या पुढे काय? आधी लिहिलं, ‘हू मे हॅव मेन्ट’. त्यांना कदाचित असं म्हणायचं असेल. त्यात बाईंना जागा होती, वाकायला, बाजूला व्हायला. सेक्रेटरींनी कागद वाचून परत दिला.

‘मे नको. मे म्हणजे कदाचित. कदाचितवर मी माणूस सोडू?’

माझं व्याकरण त्यांनी पहिल्यांदाच सुधारलं, आणि ते बरोबर होतं. मी मग ‘हू मेन्ट’ असं लिहिलं. त्यांना म्हणायचं होतं, एवढंच. तेही परत आलं.

‘मनात काय होतं त्याच्याशी मला काय करायचंय? चूक त्यांची आहे हे दिसलं पाहिजे. काय लिहायला हवं होतं ते लिहा.’

मला माहीत होतं ते काय मागत होते. ‘हू शुड हॅव रिटन’. जे करायला हवं होतं आणि केलं नाही, त्या माणसासाठी इंग्रजीत हीच रचना आहे. ती मीच शिकवतो. उदाहरण म्हणून अभ्यास न केलेला मुलगा किंवा दिवा न लावलेला सायकलस्वार घेतो. हेडक्लार्क कपाटाची किल्ली हातात घेऊन उभा होता. मी लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मला माझी प्रमाणपत्रं मिळाली. इतकी वर्षं एकावर एक राहून ती जराशी चिकटली होती. घरी आणून मी ती टेबलावर पसरली. बायको म्हणाली, ‘झालं ना सगळं नीट?’ हो म्हटलं. सुटलो असं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण अर्धंच. तो कागद त्या कपाटात राहिला होता, बाईंच्या पत्राच्या बरोबर वर. आता माझी फाइल उघडली की आधी माझी सही दिसेल आणि मग बाईंचं अक्षर. त्या संध्याकाळी मी बसून बाईंना पत्र लिहिलं. फोनवर मला हे जमलं नसतं. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, ती इथे देतो.

‘तीर्थस्वरूप बाई,

तुमच्या विद्यार्थ्याचा नमस्कार. माझी कागदपत्रं मिळाली. सोमवारी कॉलेजात रुजू होतो आहे.

मी त्या दिवशी तुमच्याकडे आलो तो नुसता आनंद सांगायला नव्हे. शाळेने माझी प्रमाणपत्रं अडवली होती, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यामुळे. तुम्ही मला विचारलंत, लीव्ह म्हणजे सोडणे, बरोबर ना? मी बरोबर म्हणालो. ते खोटं होतं. तिथे गिव्ह अप पाहिजे होतं. नुसत्या लीव्हचा अर्थ निघून जाणे असा होतो. शाळेने तो तसाच घेतला, आणि मीही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी इथून जाणार नाही असा शब्द तुम्ही देऊन ठेवलाय. मनातल्या मनात तुमच्यावर चिडायचो. दिवाळीला पाया पडताना सुद्धा. तुम्ही माझं कौतुक केलं होतं हे मला त्या दिवशी पोहे खाताना कळलं.

पुढचं सांगायला जड जातंय. तुमच्यासमोर जे बोलायला हवं होतं ते मी तुमच्या मागे एका परक्या माणसाला सांगितलं. तो हसला. मग मी ते इंग्रजीत लिहून सही करून दिलं. त्यात तुमच्याबद्दल हू शुड हॅव रिटन असं आहे. आधी मी मे लिहिलं होतं, ते चाललं नाही. मी उठून येऊ शकत होतो. आलो नाही. मला ती नोकरी हवी होती. हे मी कोणी भाग पाडलं म्हणून लिहीत नाही, मीच केलं म्हणून लिहितो.

तुम्हाला हे कधी कळलं नसतं. पण मग मी तुमच्याकडे येऊन बसलो असतो आणि दर वेळी मला एकट्यालाच माहीत असतं. ते मला सोसलं नसतं.

एका शब्दाने तुमचं इंग्रजी कमी होत नाही, हे मी लिहिणार होतो. पण तसं तुम्हाला सांगणारा मी कोण, म्हणून ते खोडलं. तुम्हाला राग आला तर तो माझ्यावर असू द्या. वाईट वाटलं तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

या रविवारी सकाळच्या एसटीने येतो आहे. हिलाही यायचंय, पण मी एकटाच येईन म्हणालो. येऊ नये असं वाटलं तर फोनवर नुसतं नको म्हणा, कारण सांगायची गरज नाही. मी मग पुढच्या रविवारी विचारीन.

तुमचा विद्यार्थी’